गजरामावशींना रोज एक आजारी लागतो

संध्याकाळी पाचच्या सुमाराला आमच्या मधल्या भिंतीवरून गजरामावशींचं डोकं वर येतं आणि त्या मोठ्या आशेनं विचारतात, "मॅडम, कोन आजारी हाय का?"

मी नाही म्हटलं की त्यांचा चेहरा उतरतो. "तुमच्या शाळेत बी न्हाई? कुना मास्तरची आई, सासू?" मग मी आठवून आठवून सांगते, की शाळेतल्या शिपायाच्या आईचा गुडघा धरलाय. "गुडघा चालंल," असं म्हणून डोकं खाली जातं. थोड्याच वेळात दारात बायकांची फौज उभी राहते. अंगावर जायच्या-यायच्या साड्या, पायात पोरांनी टाकून दिलेले बूट आणि चेहऱ्यावर शिपायाच्या आईच्या गुडघ्याची काळजी.

मावशींना लोकांचं वाईट झालेलं आवडतं, असं कुणाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण प्रकरण मुळात शुगरचं आहे.

मी बदली होऊन मिरजगावला आले त्याच वर्षी आरोग्य केंद्रात बायकांची तपासणी झाली. बऱ्याच जणींची शुगर वाढलेली निघाली, उरलेल्यांचं बीपी. माझं दोन्ही. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, उत्साही होत्या. साखर कमी करा, तेल कमी करा, पालेभाजी वाढवा, असं त्यांनी सांगितलं तोवर सगळ्यांनी माना डोलावल्या. शेवटी त्या म्हणाल्या, रोज तासभर चाला. तिथं गाडं अडलं.

"चालू की, पन कुठं?" आमच्या गल्लीतल्या सुमनवहिनींनी विचारलं.

"कुठंही."

"आसं कुठंही कसं जायाचं?"

प्रश्न रास्त होता. आमच्याकडे बाई रस्त्याला लागली की ती कुठंतरी निघालेली असते. दळणाला, रानात, बाजाराला, माहेरी. उगाच चालणारी बाई दिसली की घरात काहीतरी बिनसलंय, असा अर्थ होतो. तरी आम्ही शाळेच्या मैदानावर फेऱ्या सुरू केल्या. दुसऱ्या दिवशी कट्ट्यावरच्या पोरांनी व्हिडिओ काढला. तिसऱ्या दिवशी सुमनवहिनींच्या सासूबाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, "त्या मैदानात तुजं काय हरवलंय गं?" आठवडाभरात मैदानावर मी एकटी उरले आणि मग मलाही लाज वाटायला लागली.

तोडगा गजरामावशींनी काढला. "आजाऱ्याला भेटाया जायाला कोन नगं म्हनतंय?" त्या म्हणाल्या. खरंच कोणी म्हणत नाही. उलट सासूच बजावते, जाऊन ये बाई, नाहीतर लोक नावं ठेवतील. तेव्हापासून आमचं चालणं सुरळीत सुरू झालं. गावातला आजारी मावशी पावसाळ्यासाठी राखून ठेवतात. एरवी वस्तीवरचा लागतो, म्हणजे जाऊन-येऊन तास सहज भरतो. कुठं कुणी गेलं असलं, तर दुखवट्यालाही आम्ही जातो. वाटेत कुणी टेम्पो थांबवून "बसा मागं" म्हणालं, तर त्या आधी त्याच्या पोटाकडे नीट बघतात. "तूच उतर बाबा. पाय हायेत तवर चालावं."

"पाय हायेत तवर" हे त्यांचं पालुपद. ते त्या कशालाही लावतात.

आजाऱ्याकडे बिस्किटाचा पुडा न्यायची पद्धत त्यांनी पहिल्या झटक्यात बंद पाडली. मेथीची जुडी न्यायची, नाहीतर शेवग्याच्या शेंगा. घरात शिरल्यावर पेशंटकडे एक नजर टाकून त्या थेट चुलीपाशी जातात, कालवणाचं झाकण उघडतात आणि सुनेला विचारतात, "ह्यात भाजी कुठंशी हाय? मला तर तेलच दिसाया लागलंय." चहा ठेवायला कुणी उठलं, की "आमाला शुगर हाय" असं त्या इतक्या तोऱ्यात सांगतात, की घरच्या माणसाला वाटावं आपल्यालाच का नाही. त्यांनी पुन्हा येऊ नये म्हणून बरे झालेले दोन-चार पेशंट माझ्या माहितीचे आहेत.

हे असं वर्षभर चाललं आणि मग भलताच घोटाळा झाला. गावात आजारी माणसं मिळेनात. बायकांच्या शुगरा उतरल्या, घरोघरचं तेल कमी झालं. डॉक्टरीणबाई खूश झाल्या, पण मावशी हवालदिल. कारण नाही तर जाणं नाही, जाणं नाही तर चालणं नाही, आणि मैदानाचा अनुभव ताजा होता. मग आम्ही व्यालेल्या म्हशीला भेटून आलो. नव्या ट्रॅक्टरला भेटून आलो. दहावीत नापास झालेल्या एका पोराला भेटायला गेलो, तर ते आम्हाला बघून गोठ्यात लपलं. मावशींनी गोठ्याच्या दारातून त्याला धीर दिला आणि मेथीची जुडी दावणीपाशी ठेवली. ती म्हशीनं खाल्ली.

अशा टंचाईत एके दिवशी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लक्ष्मणआबांचा फोटो आला. गळ्यात हार, कपाळाला गंध. खाली एकानं लिहिलं, "भावपूर्ण श्रद्धांजली." त्याच्यामागे सगळ्या गावानं हात जोडले. मी स्वतः जोडले.

आबांची वस्ती चांगली लांब. मावशींनी पाच वाजायचीही वाट पाहिली नाही. वस्तीचा बांध आला तशी त्यांनी खूण केली, आम्ही पदर डोक्यावर घेतले आणि रिवाजाप्रमाणे दोघी-तिघींनी गळा काढला. "आबाऽऽ, कुठं गेलात वो आमाला सोडून!"

आबा अंगणात बाजेवर बसून केक खात होते. त्यांचा पंच्याहत्तरावा वाढदिवस होता.

"कोन गेलं?" त्यांनी घाबरून विचारलं.

आम्ही जागच्या जागी थिजलो. मावशी मात्र पाऊल न थांबवता पुढे गेल्या. "कोन न्हाई आबा, ओवाळाया आलोय," असं म्हणून त्यांनी आबांच्या सुनेकडून निरांजन मागवलं. रडणाऱ्या बायकांनीच आबांना ओवाळलं. मग मावशींनी आबांच्या हातातला केक काढून घेतला. "ह्या वयात मैदा?"

परतीच्या वाटेवर बाया हसून हसून बांधावर बसत होत्या. मला मात्र राग आला होता. मास्तरीण माणूस, जिवंत माणसासाठी गळा काढून आले होते. "मावशी, आता बास," मी तोडूनच बोलले. "आपल्याला चालायचंच आहे ना, मग मैदानावर चालू. लोकांच्या दुःखात रोज कशाला नाक खुपसायचं?"

मावशी म्हणाल्या, "तुमी तवा गावात नव्हता, मॅडम. आमचे हे कोरोनात गेले. नगरच्या दवाखान्यातनं परस्परच नेलं. पोरगं पुन्याला अडकल्यालं. हितं दाराम्होरं बांबू आडवे बांधल्याले. धा दिस मी भिंतीला टेकून बसले हुते, कोन तरी येईल म्हनून. यायला बंदीच हुती, कुनाचा दोष न्हाई. बंदी उठली तवर घरोघरची मानसं गेल्याली, कोन कुनाकडं जानार? ऱ्हाऊनच गेलं."

मी वाटेतच थांबले.

"रडाया बी समोर मानूस लागतं बगा. एकटीला न्हाई येत. मी अजून रडले न्हाई." आणि लगेच, "चला चला, पाय उचला, शुगर काय आपसूक उतरत न्हाई."

त्यानंतर पंधरवडाभरात तो दिवस आलाच. भिंतीवरून डोकं वर आलं नाही. बायका जमल्या तेव्हा मावशी कोपऱ्यावर ओशाळून उभ्या होत्या. "आज कोनीच न्हाई गं. समदं गाव ठनठनीत. जावा आपापल्या घरी."

"आन सासूबाईंना काय सांगू?" सुमनवहिनी म्हणाल्या.

"एक घर राहिलंय," मी म्हणाले. "चला, मी दाखवते."

कुणाचं घर, म्हणून मावशींनी वाटभर विचारलं. मी सांगितलं नाही. बाकीच्यांच्या कानात मात्र एकेक करून सांगितलं. शेतांमधल्या पांदीनं लांबचा वळसा घेऊन आम्ही पुन्हा आमच्याच गल्लीत शिरलो आणि मावशींच्या दारात थांबलो. बायकांनी पदर डोक्यावर घेतले.

"काय येड्यावानी करताय," मावशी म्हणाल्या. पण आम्ही आत जाऊन खाली बसलो, तशा त्याही भिंतीला टेकून बसल्या.

सुमनवहिनींनी त्यांचा हात हातात घेतला. "कसं झालं वो, मावशी?"

दुखवट्याच्या घरी पहिला प्रश्न हाच असतो. उत्तर सगळ्यांना ठाऊक असतं. तरी विचारायचं असतं, म्हणजे घरच्या बाईला सांगता येतं.

मावशी सांगायला लागल्या. पहिला ताप कधी आला, त्या रात्री ह्यांनी ज्वारीची पेज मागितली होती, ॲम्ब्युलन्समध्ये चढताना "गाईला पानी दाव" एवढंच म्हणाले. तिथं त्यांना हुंदका फुटला आणि त्या रडल्या. मोठ्यानं, गळा काढून, छातीवर हात मारून मारून. आम्हीही रडलो. मी त्या माणसाला कधी बघितलंसुद्धा नव्हतं, तरी मला रडू आवरेना.

बऱ्याच वेळानं त्या शांत झाल्या. मी तांब्या भरून आणला. त्यांनी तोंडावर पाणी मारलं, पदरानं तोंड पुसलं आणि आमच्याकडे एकेकीकडे बघून म्हणाल्या, "लई बरं झालं, आलात." आम्ही जिथं जिथं दुखवट्याला गेलो, तिथल्या बाया जशा म्हणायच्या, अगदी तसंच.