तीस खुर्च्यांची मोहीम

येशूकृपेकरून व ग्रामदेवतेच्या परवानगीने ही हकीकत लिहिली. लिहिणाराने पदरचे तिखटमीठ घातले नाही; घातले असल्यास नागपूरचे समजून गोड मानून घ्यावे.

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी पाद्री लालथंगासाहेब, राहणार खास ऐजॉल, मुलूख मिझोराम, हे नागपूर शहरी इतवारीच्या पाठीमागे विणकरांच्या वस्तीत ठाणे घालून होते. भाड्याची एक खोली आणि तीत तीस प्लास्टिकच्या खुर्च्या, एवढाच सरंजाम. दोन वर्षांत साहेबांनी मराठी जिंकली, तर्रीपोहे पचवले, परंतु दूधवाला वजा जाता कोणी उंबरा ओलांडला नाही. तशात मिशनच्या थोरल्या कचेरीचा खलिता आला की, नाताळास माणसे न जमल्यास ठाणे उठवून परत यावे. साहेब बहुत दिलगीर झाले. त्यांचा या गल्लीवर जीव जडला होता, आणि गल्लीस त्यांचे नावही धड ठाऊक नव्हते.

मग मसलत करून साहेबांनी जातीने घरोघर आवतण दिले, आणि मार्गशीर्ष वद्य तृतीया, रविवारी, तमाम गल्ली चहा-केकास दाखल झाली. पुढे शालिकरामजी, वय पंचाहत्तर, चाळीस वर्षांच्या हातमागावर ज्यांचे दोन्ही गुडघे कामी आले. आणि मागे डोईवर पदर घेऊन त्यांच्या थोरल्या सूनबाई कुसुमावती, आणि त्यांच्यामागे वस्तीच्या सुना. शालिकरामजी पहिल्या खुर्चीवर विराजमान झाले. आता सासऱ्यासमोर सुनेने खुर्चीवर बसावे कैसे? कुसुमावतीबाई उभ्या राहिल्या, आणि त्या उभ्या म्हणून बाकीच्या उभ्या, आणि बायाबापड्या उभ्या असता आपण बसणे शोभत नाही म्हणून पुरुषही उभे. साहेबांच्या मंडळीत देवाच्या शब्दास उठून मान देण्याची चाल. हा तोच मान समजून साहेबांस गहिवर आला. दहा मिनिटांचे प्रवचन योजले होते ते सव्वा तास चालवले, आणि रयत जों जों एका पायाचा भार दुसऱ्या पायावर घेई, तों तों साहेब आणखी एक वचन काढीत. केक तसाच राहिला. कचेरीस त्याच सांजेस फत्तेचे पत्र रवाना झाले.

पुढल्या रविवारी चिटपाखरू फिरकले नाही.

साहेबांनी नळावर कुसुमावतीबाईंस गाठून, काय कसूर झाली, ऐसे अदबीने पुसले.

"कसूर कायची जी, भाऊ," बाई म्हणाल्या, "पन सासऱ्यासमोर मी खुर्चीवर कशी बसू? पाय सुजले माहे. तुमच्या देवाले आमचं खाली बसनं चालत नाही काय?"

साहेबांचे तोंड एवढेसे झाले. त्याच दिवशी एकोणतीस खुर्च्या माळ्यावर कैद झाल्या, सतरंज्यांची बिछायत झाली, आणि एक खुर्ची शालिकरामजींच्या गुडघ्यांस्तव राखली. प्रवचन मोडून चार वाक्यांवर आणले, आणि नाताळाचे आवतण पुन्हा घरोघर फिरवले.

पौष शुद्ध पंचमी, गुरुवार, नाताळ. चार वाजले, कोणी नाही. पाच वाजले, कोणी नाही. साहेबांनी पलंगाखालची पेटी ओढली आणि दोन सदरेही आत घातले. इतक्यात दारात काठी वाजली. बायकांनी आत डोकावून सतरंजी पाहिली आणि ऐसपैस मांडी घातली, मग पुरुष बसले, आणि शालिकरामजी खुर्चीवर. मोजदाद एकवीस. साहेब बोलावयास उभे राहिले तों म्हाताऱ्याचे फर्मान सुटले, "सण तुहा अन् तूच उभा काहून गा? बस खाली."

साहेब बसले.

"मायसंग बोलले का आज फोनवर?" कुसुमावतीबाईंनी पुसले.

साहेबांची माता गेल्या आषाढात वारली होती. ठाणे टाकून जाणे झाले नाही, शेवटचे तोंड पाहणे झाले नाही, आणि हे नागपुरात कोणास ठाऊक नव्हते, कारण कोणी पुसलेच नव्हते. साहेब ते तेथेच सांगून लहान पोरासारखे रडले. चार वाक्ये खिशात राहिली.

शालिकरामजी हात जोडून म्हणाले, "मायसाठी तुह्या देवाले जे म्हनाचं ते म्हन. आमी बसलो आहो."

साहेबांनी प्रार्थना आपल्या मिझो भाषेत केली. कोणास एक अक्षर कळले नाही, आणि संपेपर्यंत कोणी हलले नाही.

वस्तीत कोणी धर्म पालटला नाही. थोरल्या कचेरीस पत्र गेले ते ऐसे: माणसे एकवीस, प्रवचन झाले नाही, केक पुरला नाही. उलट जबाब आला, ठाणे कायम. इतवारीची फत्ते येणेप्रमाणे दाखल केली असे.