अंड्यांची जप्ती

मावशींच्या पोटातली गाठ शस्त्रक्रियेने काढण्यात आली आणि त्याच आठवड्यात त्यांच्या स्वयंपाकघराचा ताबा नातेवाइकांकडे गेला. डॉक्टरबाईंची सूचना साधी होती : भरपूर खा, वजन घटलं तर केमोचा पुढचा डोस देता येणार नाही.

पहिले भेटायला आले धाकटे दीर. ते बँकेतून निवृत्त झालेले असल्याने कोणत्याही विषयावर मत देण्यास सक्षम होते.

"वहिनी, अंडी बंद. त्यात अमिनो आम्लं असतात. त्यातलं एक जेवणातून वगळलं की उरलासुरला कर्करोग उपाशी मरतो. प्रयोगात दिसलंय."

"आणि मी?"

"तुमच्यावर प्रयोग झालेला नाही."

घरात मोहाची वस्तू नको, म्हणून जाताना त्यांनी अंड्यांचा ट्रे सोबत नेला.

नणंदेने दूध नेलं. "यात तर सगळीच आम्लं आहेत गं, एकही सुटलेलं नाही!" समोरच्या फ्लॅटमधल्या वकिलांनी मासे नेले, त्यांच्या पत्नीने डाळी आणि बदाम. पूर्वी लोक आजाऱ्याकडे येताना काहीतरी आणत. आता रिकाम्या पिशव्या घेऊन येऊ लागले. उशिरा पोचलेल्या चुलतभावाला काहीच उरलं नव्हतं. "आता याचा काय उपयोग?" असं म्हणून तो मिक्सर घेऊन गेला.

दिरांच्या गालांवर तेज आलं. मावशींचा गाऊन खांद्यावरून घसरू लागला.

डोसच्या दिवशी सगळं शिष्टमंडळ दवाखान्यात हजर होतं. वजनकाट्याकडे पाहून डॉक्टरबाईंनी डोस पुढे ढकलला.

"काय खाता?"

"काकडी."

"आणखी?"

"काकडीचं पाणी."

दिरांनी प्रयोग समजावून सांगितला. डॉक्टरबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "तो प्रयोग उंदरांवर होता. एकच आम्ल, तेही मोजून कमी केलेलं. बाकी जेवण व्यवस्थित. माणसांचं अजून तपासतायत."

मावशी खुर्चीत ताठ बसल्या. "म्हणजे उंदीर जेवत होते?"

"अगदी वेळच्या वेळी."

"मग मला पिंजऱ्यात भरती करून घ्या."

डॉक्टरबाईंनी औषधाच्या चिठ्ठीवर सही-शिक्क्यासह लिहिलं : अंडी, दोन, रोज सकाळी. दिरांचा सूर पालटला. "लिहून दिलंय म्हटल्यावर घ्यायलाच हवीत, वहिनी. डॉक्टर, साइड इफेक्ट?"

"तुम्हाला झाले का?" मावशींनी विचारलं. "ट्रेभर पचवलीत ना!"

पुढे वजन भरलं, डोस मिळाला. दीर आता ज्याच्या त्याच्या घरी जाऊन सांगतात की कर्करोगावर अंडं हाच एकमेव उपाय आहे. आपणही ओळखीच्या एखाद्या पेशंटला हेच कळवायला फोन उचलला असेल, तर तो खाली ठेवा. आणि त्या पेशंटचा मिक्सर परत करा.