अकरा पापण्या आणि माझी तीक्ष्ण नजर

माझी नजर म्हणजे नजर! बावन्नावं लागलं, तरी चष्मा नाही. बारीक काही बघायचं असलं की डावा डोळा मिटून घ्यावा लागतो, एवढंच. बायको मात्र दोन वर्षं मागे लागली आहे. "अहो, चष्मा करून घ्या! परवा जिन्यात शेजारच्या बाईंना डोळा मारलात म्हणे!"

डोळा कसला मारतोय! शेजारच्या बाई उभ्या आहेत की भिंतीला गादी टेकवून ठेवली आहे, ते नीट बघत होतो.

तर या नजरेच्या भरवशावरच प्रयोगशाळेतल्या डॉक्टर मॅडमनी यंदा माकडांच्या क्षयाची तपासणी माझ्यावर सोपवली. अकरा वर्षं मीच माकडांचं खाणंपिणं बघतो. बारा पिंजरे, बारा माकडं. मॅडमनी प्रत्येकाच्या उजव्या पापणीत बारीक सुईनं औषध टोचलं आणि मला म्हणाल्या, "काका, तीन दिवस रोज सकाळी पापण्या बघायच्या. सूज आली, डोळा मिटायला लागला, की क्षयाचा संशय. मी दोन दिवस बाहेरगावी आहे. काही दिसलं तर लगेच फोन करा. चूक नको हं! क्षय निघालेलं माकड आपल्याला ठेवता येत नाही."

"म्हणजे?"

"त्याला सुई देऊन झोपवावं लागतं. कायमचं."

"मॅडम, मी आहे ना!" मी म्हणालो.

पहिल्या दिवशी मास्क बांधून आत गेलो. पहिल्याच पिंजऱ्यात मावशी. सगळ्यांत म्हातारी. मी गेलो की जाळीतून हात काढून माझ्या बाहीचं बटण ओढून बघणार, हा तिचा रोजचा नेम. मी वाकलो, नजर रोखली आणि बघतो तर काय! मावशीचा उजवा डोळा मिटलेला!

मला फार वाईट वाटलं. खिशात माकडांच्याच टोपलीतलं सफरचंद होतं, त्याची एक फोड तिच्या हातावर ठेवली. बाकीची अकरा ठणठणीत होती. सगळी टक लावून बघत होती, माझ्याकडे नव्हे, त्या फोडीकडे.

मॅडमना फोन केला. "काका, तुम्हाला खोकला वगैरे नाही ना? माकडांना हा रोग बहुतेक माणसाकडूनच होतो."

तोपर्यंत नव्हता. ऐकलं आणि सुरू झाला! छातीचा एक्स-रे काढून घरी गेलो, तर बायकोनं आधी माझं ताट वेगळं केलं, मग पेला, मग टॉवेल आणि शेवटी मला. "बाल्कनीत बसा! आणि माझ्याकडे तसा एक डोळा मिटून बघू नका!"

सकाळी एक्स-रे स्वच्छ आला. पण माकडांत साथच पसरली की! दुसऱ्या दिवशी पाच डोळे मिटलेले. पाच फोडी दिल्या. तिसऱ्या दिवशी अकरा! बारावं तेवढं वाचलं, कारण ते तोंड फिरवून झोपलं होतं.

बातमी ऐकून प्रयोगशाळेचे मोठे साहेब धावत आले. दारातूनच ओरडले, "खोली बंद करा! मॅडम दुपारी येतायत. आल्या आल्या अकराही झोपवायची!"

मी ठरवलं, काय वाटेल ते होवो, मॅडमनी स्वतः बघितल्याशिवाय सुई मावशीजवळ येऊ द्यायची नाही. खराटा घेऊन दारातच उभा राहिलो. जेवायलासुद्धा गेलो नाही.

मॅडम आल्या. "काका, बाजूला व्हा."

"आधी बघा! मग काय ते करा!"

त्यांनी एकेक पिंजरा निरखून पाहिला. मग वळल्या. "काका, एकालाही सूज नाही. या अकरांचे डोळे तर टक्क उघडे आहेत."

"काहीतरीच काय! नीट बघा ना!" मी पुढे झालो आणि नजर रोखली. पटापट अकरा उजव्या पापण्या मिटल्या!

"बघितलंत?"

मॅडम माकडांकडे बघतच नव्हत्या. "काका, तुमचा डावा डोळा उघडा बरं."

उघडला. अकरा डोळे उघडले.

"आता मिटा."

मिटला. अकरा मिटले, आणि जाळीतून अकरा हात बाहेर आले, तळवे वर!

"खिशात काय आहे?"

"सफरचंद," मी हळूच म्हणालो.

"मावशीनं तुमची नक्कल केली, तुम्ही तिला खाऊ दिलात, आणि बाकीच्यांनी ते बघितलं! तीन दिवसांत कुणी कुणाला शिकवलं, काका?"

मी मटकन बादलीवर बसलो. मावशी वाचली म्हणून रडू आलं, अगदी हुंदके देऊन रडलो. मावशीनं तेवढ्यात बटण ओढून पाहिलं. मॅडमनी नोंदवहीत लिहिलं, 'बाराही माकडं निरोगी. तपासणाऱ्यास तातडीनं चष्मा.'

चष्मा केला. दुसऱ्याच दिवशी ऐटीत लावून आत गेलो. मावशीनं बटण सोडलं आणि चष्माच ओढून घेतला! आता तो नेमका कुठे ठेवलाय हे दिसायला नको? मिटला मी आपला डावा डोळा, जरासाच.

काय सांगू, त्या दिवशी बारावंही जागं होतं!