हरिश्चंद्र शुद्धीवर येतो

हरिश्चंद्रचं अपेंडिक्स कापून झालं, डॉक्टर हात धुऊन चहाही प्यायले, तरी हरिश्चंद्र काही डोळे उघडीना. खाटेशेजारी त्याची बायको हौसाबाई जीव मुठीत धरून बसली होती.

"काळजी नको," डॉक्टर म्हणाले. "ईथरच्या गुंगीतून माणूस एकदम जागा होत नाही. मेंदू टप्प्याटप्प्यानं ताळ्यावर येतो. आधी ऐकू येतं, मग जीभ सुटते, समज मागाहून येते. तुम्ही त्यांच्याशी बोलत राहा."

हौसाबाईला काय बोलावं सुचेना. लग्न झाल्यापासून ती या माणसाला 'गप रवा' एवढंच सांगत आली होती.

तेवढ्यात दारात महादू उभा. तो त्यांच्याच वेंगुर्ल्याचा, मासेमारीतला. आपल्या मुलासाठी, शिवासाठी, त्यानं यांच्या मुलीला, हिराला, मागणी घातली होती आणि हरिश्चंद्र वर्षभर त्याला 'बघूया, बघूया' म्हणून टोलवत होता. हौसाबाईच्या मनात मात्र शिवा भरला होता.

"बोलूचाच आसा ना? मी बोलतंय!" म्हणत महादूनं बाक बळकावलं आणि नव्या रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची, हकिकत सुरू केली. रापण झाली, मेव्हण्याचा संधिवात झाला, मग पुन्हा रापण. हौसाबाईचं डोकं भणभणलं. पण शिवाचा बाप पडला, बोलणार काय?

अचानक खाटेवरून घोगरा आवाज आला, "ह्या महादूक कोण तरी गप करा रे!"

महादूचा आ वासला तो वासलेलाच.

"ते गुंगीत आसत हो!" म्हणत हौसाबाईनं नवऱ्याच्या तोंडावर हात दाबला.

नर्स धावत आली. "अहो, श्वास कोंडेल त्यांचा! काढा तो हात!"

हात निघाला आणि जीभ पुन्हा सुरू झाली. "इलो काय डोक्या खाता मेलो."

महादूनं छत्री उचलली. "गुंगीत माणूस खराच बोलता, हौसाबाय! कळला माका."

"महादूभाऊ, बसा हो जरा..."

"ह्येचो झील शिवा मात्र सोन्यासारखो," खाटेवरून आलं. "आमची हिरा थंयच दिवची. पण लगेच होय म्हटलंय तर ह्यो महादू डोक्यार बसतलो. म्हणान बघूया म्हणतंय."

महादू दारातच थबकला. अपमान खरा, तर होकारही खराच. छत्री कोपऱ्यात ठेवून तो परत येऊन बसला. "ऐकलात मा, नर्सबाय? होकार दिल्यानी!"

आता हे पुन्हा झोपले तर किती बरं होईल, असं हौसाबाईला वाटलं. पण हरिश्चंद्रनं डोळे उघडले, चहूकडे पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू शहाणपण उगवायला लागलं.

"अरे, महादूभाऊ! कधी इलात?" तो गोड हसला. "बरा वाटला. त्या लग्नाचा बघूया हां. घाई नको."

हौसाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. महादू मात्र चिडला नाही. त्यानं हरिश्चंद्रच्या अंगावरची चादर नीट केली.

"तुम्ही आता शुद्धीर इलात," तो समजुतीनं म्हणाला. "आता तुमचा कोण ऐकता? मी मुहूर्त काढूक जातंय."