वीतभर वर

दातांच्या डॉक्टरांनी चहाचा कप टेबलाच्या वीतभर वर धरला होता आणि काही केल्या ते तो खाली ठेवत नव्हते. डॉक्टरीणबाई समोर बसून बघत होत्या. आधी त्यांना वाटलं, हात आखडला. मग वाटलं, चहात माशी पडली. शेवटी कप टेबलावर टेकला, पण इतक्या अलगद की कधी टेकला ते कपालाही कळलं नसेल. कुणाची अक्कलदाढ न दुखता निघाली की डॉक्टरांचा चेहरा जसा व्हायचा, तसा झाला.

"अहो, कप आहे तो," बाई म्हणाल्या. "विमान नाही."

इथेच तर सगळं घोडं अडलं होतं. डॉक्टरांकडे रिमोटवर उडणारं एक चंदेरी जेट होतं. वर गेलं की ते असं काही झोकात उडायचं की बघणाऱ्याला मान खाली करावीशी वाटू नये. भानगड व्हायची ती उतरताना. चाकं धावपट्टीला टेकली रे टेकली की ते उसळायचं. डॉक्टर घाबरून रिमोटची दांडी पुढे दाबायचे, मग ते नाकावर आपटून दुप्पट उसळायचं, आणि बेडकासारखं टप्पे खात गवतात जाऊन पडायचं. दर वेळी चाकं मोडायची. नवी बसवावीत, तर पुढच्या रविवारी तीही मोडायची.

मैदानावर विमानं उडवणाऱ्यांत सगळ्यांत जुने एक काका होते. त्यांनी एकदा डॉक्टरांना बाजूला घेतलं. "तुम्ही उतरवायला जाता ना, तिथेच चुकतं," ते म्हणाले. "उतरवू नका. वीतभर वर धरा आणि टेकूच देऊ नका. वेग सरला की ते आपणहून बसेल."

आपणहून बसेल! डॉक्टरांना हे इतकं पटलं की त्या दिवसापासून ते जमिनीवर राहिनातच. चालायचे घरात, पण असायचे कुठेतरी ढगांच्या आसपास. जे जे खाली ठेवायचं ते ते वीतभर वर धरून ठेवायचं, असा सराव सुरू झाला. दवाखान्यातली खुर्ची ते इतक्या संथपणे खाली आणू लागले की पेशंट तोंड उघडायच्या आधीच झोपी जायचा. बाहेर ताटकळलेले एक मास्तर, दात आपणहून पडला की कळवतो, असं सांगून घरी निघून गेले. घराचं दार डॉक्टर इतकं हळुवार लावायचे की कडी लागायचीच नाही. मग शेजारचं मांजर तितक्याच हळुवारपणे आत येऊन दूध संपवून जायचं.

हे सगळं बाईंनी पोटात घातलं. पण डॉक्टरांनी मग हाच सराव गाडीवर केला. घराच्या वळणावर त्यांनी ब्रेकवरचा पाय काढला आणि गाडीला आपणहून थांबायची मोकळीक दिली. गाडी थांबली, अगदी धक्का न देता थांबली, पण ती शेजाऱ्यांच्या फाटकाला टेकून. मग फाटकही कुंड्यांवर हळूच आडवं झालं. शेजारी नळी धरून झाडांना पाणी घालत होते. ते थक्क होऊन वळले, आणि त्यांच्याबरोबर नळीही वळली.

डॉक्टर नखशिखांत भिजले. तशातच त्यांनी बाजूला बसलेल्या बायकोला मोठ्या आशेने विचारलं, "धक्का नाही ना बसला?"

आता मात्र अति झालं. बाईंनी तिथल्या तिथे सांगून टाकलं की येत्या रविवारी शेवटची संधी. एक जरी टप्पा पडला, तरी जेट बाईंच्या भावाकडे जाईल. भावाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं आणि कधीपासून त्याला ते गल्ल्याच्या वर दोरीला टांगायचं होतं. आपलं जेट पंख्याकडे नाक करून लोंबकळतंय, अंगावर धूळ बसतेय, हे डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे आलं आणि त्यांना खरंच रडू फुटायची वेळ आली. पण समोर फाटक आडवं पडलेलं असताना वाद कोणत्या तोंडाने घालणार?

रविवारी मेहुणा खोकं आणि दोरी घेऊनच मैदानावर हजर झाला. बाई घडीची खुर्ची मांडून, पर्स मांडीवर घेऊन बसल्या. जेट शीळ घालत वर गेलं आणि डॉक्टर फाटक विसरले, मेहुणा विसरले, आपल्याला पाय आहेत हेसुद्धा विसरले. आभाळात दोनचार ढग होते, जायची घाई नसलेले. जेट त्यांच्या अंगाअंगाने फिरलं, वळताना ऊन झेलून चमकलं, आणि आपणच वरून हे मैदान बघतोय असं डॉक्टरांना वाटू लागलं. त्यांना फार बरं वाटत होतं.

मग ते खाली आलं. टेकू द्यायचं नाही, टेकू द्यायचं नाही, असं पुटपुटत डॉक्टरांनी ते वीतभर वर धरून ठेवलं. खाली सावली धावत होती, वर जेट धावत होतं, आणि मधली फट हळूहळू मिटत गेली. पुढे काय झालं ते डॉक्टरांनाही सांगता आलं नसतं. जेट धावपट्टीवर नुसतं उभं होतं. कधी टेकलं, कुठे टेकलं, काही पत्ता नाही.

टाळ्या पडल्या नाहीत. काका पाठ करून कुणाचा तरी पंख बसवत होते. मेहुणा दोरीचा गुंता सोडवत होता. आणि बाई घट्ट डोळे मिटून बसल्या होत्या.

"उतरलं," डॉक्टर हळूच म्हणाले.

"काहीतरीच काय? आवाज कुठे आला?" बाईंचे डोळे मिटलेलेच.

"अगं, डोळे उघड ना."

बाईंनी एक डोळा उघडला, मग दुसरा. नवऱ्याने खोदून खोदून विचारलं तेव्हा कुठे त्यांनी कबूल केलं की आजवर एकदाही त्यांनी जेट उतरताना पाहिलेलं नाही.

"मोडलं की तुमचं तोंड एवढंसं होतं," त्या म्हणाल्या. "ते बघवत नाही मला. म्हणून नुसते आवाज मोजते."

डॉक्टर त्यांच्याकडे बघतच राहिले. इतक्या वर्षांत त्यांना हे ठाऊक नव्हतं. जेटचं काय व्हायचं ते होवो, असं क्षणभर त्यांना वाटून गेलं. मेहुण्याला मात्र तसं काही वाटलं नाही. कुणी पाहिलंच नाही तर धरायचं कसं, असं त्याचं म्हणणं पडलं. भावोजींनी पुन्हा उतरवून दाखवावं, आणि ताईने नीट बघावं. बाईंनाही ते नाकारता येईना.

या खेपेला त्या खुर्ची सोडून नवऱ्याच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. जेट वर गेलं, फिरलं, चमकलं, खाली आलं. वीतभर वर तरंगू लागलं. बाईंनी डोळे टक्क उघडे ठेवले होते, श्वास कोंडला होता. फट मिटत आली आणि त्यांना राहवलं नाही. त्यांनी डॉक्टरांचं कोपर गच्च धरलं. दांडी हलली. जेट ठप् करून उसळलं, पुन्हा उसळलं, आणखी एकदा उसळलं, आणि एक चाक मागे टाकून गवतात गेलं.

"तीन टप्पे," असं म्हणत मेहुण्याने खोकं उघडलं.

डॉक्टरांचं तोंड एवढंसं झालं. बाईंनी ते तसं होताना पहिल्यांदाच जवळून, उघड्या डोळ्यांनी पाहिलं. कोपर त्यांनी अजून सोडलं नव्हतं.

"ते तिन्ही माझे," त्या भावाला म्हणाल्या. "यांचं मघाशीच उतरलंय. जा, ते चाक शोधून आण."