नमुना क्रमांक एक, डावी मांडी

मांडीवरच्या खळग्यांचा प्रश्न मी एकवीस दिवसांत निकाली काढणार होते. तोही घरगुती, नैसर्गिक उपायाने आणि काटेकोर शास्त्रीय पद्धतीने. मी जीवरसायनशास्त्रात एमएस्सी केलं आहे. कुठलाही लेप थापून आरशासमोर आशेने उभी राहणाऱ्यांपैकी मी नाही!

हे खळगे माझ्याकडे आहेत, हेच मला तेवीस वर्षं ठाऊक नव्हतं. नागपूरच्या होस्टेलात एकदा चंचल माझ्या मांडीकडे बघून म्हणाली, "दिव्यानी, तुले सेल्युलाईट आहे." एक्स-रे हातात धरून डॉक्टर बोलतात तसा आवाज. मे महिन्यात आम्ही चौघी मैत्रिणी समुद्रावर जाणार होतो आणि तिथे हाफ पँट घालायची हेही चंचलनेच ठरवलं होतं. त्यामुळे एप्रिलमध्ये गावी येताना मी एक कोरी वही, शिंप्याची टेप आणि बावीस शोधनिबंध घेऊन आले.

शोधनिबंधांचं सार एका ओळीत सांगते: हे खळगे कायमचे घालवणारा घरगुती उपाय अजून कोणाला सापडलेला नाही. रोज चालल्याने मांडी जरा घट्ट होते, मालिश केली किंवा कातडी घासली की काही तास गुळगुळीत दिसते, बस. एवढं वाचून शहाण्या माणसाने वही मिटली असती. मी नवीन पान उघडलं.

इंटरनेटवर पहिला उपाय कॉफीने घासण्याचा. आमचं गाव आलापल्लीच्या रस्त्यावर; तिथे कॉफीच्या दहा पुड्या मागितल्यावर दुकानदाराने विचारलं, "घरी मोठे साहेब येऊन राह्यले का?" पुड्या निघाल्या चार. त्यातल्या दोन दगड झालेल्या.

मग अंगणात नजर गेली. अख्ख्या अंगणभर मोहफुलं वाळत पडली होती. मी विचार केला, फुलं गुळाच्या पाण्यात आंबवली की सौम्य आम्ल तयार होईल, आम्लाने मेलेली कातडी निघेल, आणि फुलांच्या चोथ्याने मालिशही होईल. लेप फक्त डाव्या मांडीला लावायचा. उजवी तशीच ठेवायची, तुलनेसाठी. रोज सकाळी सातला दोन्हींचं माप आणि फोटो.

मोह, गूळ आणि पाणी एका मडक्यात घातलं. आंबायला ऊब लागते, म्हणून मडकं गोठ्यामागच्या तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगात खोल पुरलं. त्यावर चिठ्ठी चिकटवली: "नमुना क्र. १. हलवू नये. – दिव्यानी."

आता एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. मोह आणि गूळ आंबवून जे तयार होतं त्याला सडवा म्हणतात आणि त्यापासून दारू गाळतात. आणि माझी आई, सुगंधाबाई, ही गावच्या महिला दारूबंदी समितीची अध्यक्ष आहे.

साखर आंबली की काय बनतं हे मला माहीत नव्हतं असं नाही. परीक्षेत त्यावर मला दहापैकी दहा गुण होते. फक्त ते समीकरण आणि आमचं घर, या दोन गोष्टी माझ्या डोक्यात वेगवेगळ्या कप्प्यांत होत्या.

पाचव्या दिवशी, मंगळवारी सकाळी, आई समितीच्या अकरा बायकांना घेऊन अंगणात उभी राहिली. सोबत पोलीस पाटील देवाजीभाऊ, हातात रजिस्टर. गुरुवारी तालुक्याचं पथक येणार होतं. गावात कुठेच दारू नाही अशी त्यांची खात्री पटली, तर गावाला दारूमुक्तीचं प्रमाणपत्र मिळणार होतं. आईने त्यासाठी तीन वर्षं शिव्या खाल्ल्या होत्या.

"घरोघर झडती होईन," आई म्हणाली. "सुरुवात माह्या घरापासून. उद्या कोनी म्हनाले नको का अध्यक्षीनबाईनं आपलं घर सोडलं. आपली असो का परकी, ज्याच्या घरी सडवा सापडन, त्याचं नाव पंचायतीसमोरच्या फळ्यावर…"

ती थांबली. तिचं नाक गोठ्याकडे वळलं. माझ्या आईचं नाक म्हणजे प्रयोगशाळेतलं यंत्र आहे, फक्त त्याला वीज लागत नाही.

दोन मिनिटांत मडकं अंगणाच्या मधोमध होतं. फेस वर आलेला, बुडबुडे फुटत होते. प्रयोग म्हणून पाहिलं तर अप्रतिम.

ज्योत्स्नाकाकू समितीच्या उपाध्यक्ष. गेल्या निवडणुकीत त्या आईकडून एका मताने पडल्या होत्या. त्यांनी चिठ्ठी वाचली. "नमुना क्रमांक एक. म्हंजे दोन, तीन बी आहेत?"

"नाही हो काकू, एकच आहे."

"मंग नंबर काऊन टाकला?"

याचं शास्त्रीय उत्तर लांब होतं, तेवढ्यात देवाजीभाऊंना माझी वही सापडली. ते मोठ्याने वाचू लागले. "दिवस तिसरा. बुडबुडे समाधानकारक. वास तीव्र. पुढच्या वेळी गूळ वाढवावा."

देवाजीभाऊंनी बोट खालच्या ओळीवर नेलं.

"खाली लिहिलं आहे, डावी चोपन्न, उजवी चोपन्न. काय वं पोरी, दोन भट्ट्या आहेत का?"

"भाऊ, त्या भट्ट्या नाहीत."

"मंग काय आहेत?"

एव्हाना कुंपणाला अर्धं गाव लागलं होतं, त्यात माझ्यासोबत दहावीला असलेली सगळी मुलं.

खात्री करायला लटारूभाऊंना बोलावलं. लटारूभाऊ पूर्वी गाळायचे. आईनेच त्यांना पकडून, फळ्यावर नाव लावून, सुधारलं होतं. त्यांनी मडक्यात बोट बुडवलं, हुंगलं, चाटलं, डोळे मिटले.

"सडवा आहे," ते म्हणाले. "गूळ थोडा कमी पडला. पन काम साफ आहे, बाई. पोरीच्या हाताले गुन आहे."

आई ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि देवाजीभाऊंना म्हणाली, "लिहा. सुगंधाबाईची पोरगी, दिव्यानी. आन् अध्यक्षपद मी सोडतो, असं बी लिहा."

ज्योत्स्नाकाकूंनी लगेच पेन पुढे केला.

तेव्हा मात्र मला राहवलं नाही. "आई, ते प्यायचं नव्हतं. लावायचं होतं."

"कुठी?" देवाजीभाऊंनी विचारलं. त्यांच्या सरकारी रजिस्टरात तसा रकाना असतो.

मी कुंपणाकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. "मांडीला," मी म्हणाले. "डाव्या."

कुंपणामागून कोणीतरी हसलं. मी एकदा बोलायला लागले की मुद्दा पूर्ण करते, तशी सवयच आहे. म्हणून सगळं समजावलं. कातडीखाली चरबी असते, तिच्यातून दोऱ्यांसारखे तंतू जातात, ते कातडीला खाली ओढतात आणि मधली चरबी वर येते. कापसाच्या गादीला टाके मारले की कशी दिसते, तसं.

समितीच्या बायकांत सगळ्यात पुढे अन्नपूर्णाआजी बसली होती. "थे खड्डे खड्डे? थे तं मले बी आहेत. रोवन्याले धानाच्या बांधीत उतरलो, लुगडं वर खोचलं, का साऱ्याच बायाइले दिसतात. त्याले नाव बी आहे?"

"आहे, आजी. सेल्युलाईट."

"दुखते?"

"नाही."

"वाढते, मरते मानूस त्यानं?"

"नाही."

"औषध आहे?"

"तसं… नाही."

"आन् तुले हे पयलेच ठाऊक होतं?"

"हो."

"मंग हे मडकं काऊन भरलं, माय?"

माझ्या एमएस्सीच्या तोंडी परीक्षेत तीन प्राध्यापक होते. त्यातल्या एकानेही इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता.

ज्योत्स्नाकाकू मात्र ऐकेनात. "आरोपी काही बी सांगन. पुरावा पाहिजे." म्हणून पुरावा बघण्यात आला. आतल्या खोलीत, दार लावून, मोबाईलच्या उजेडात, अकरा बायकांनी. आधी डावी, मग तुलनेसाठी उजवी. मग कोणीतरी म्हणालं, "एवढंच? माही पाहा." त्यानंतर खोलीत जे झालं ते मी शास्त्राच्या हितासाठीसुद्धा लिहिणार नाही. निष्कर्ष तेवढा देते: बारापैकी बारा. सगळ्यात ठळक ज्योत्स्नाकाकूंना होते, आणि त्यानंतर त्यांनी पुराव्याचा आग्रह सोडला.

आईचं अध्यक्षपद वाचलं. सडवा पंचांसमक्ष उकिरड्यावर ओतला. लटारूभाऊ टोपी काढून उभे होते. मला वाटलं, संपलं.

"नाव लागन," आई म्हणाली.

"आई! पिण्यासाठी नव्हतं ना?"

"सडवा सापडला का नाई सापडला? मंग नाव लागन. नियम माहाच आहे." मग तिला दया आली असावी. "देवाजीभाऊ, कारन बी लिहा. लोकाइले गैरसमज नको."

पंचायतीसमोरच एसटीचा थांबा आहे. गाडी तिथे थांबते तेव्हा खिडकीतून फळा अगदी स्पष्ट दिसतो. पांढऱ्या रंगात, ठसठशीत अक्षरांत: "दिव्यानी, एमएस्सी. सडवा, मडकं एक. कारण – मांडी."

गुरुवारी पथक आलं. साहेब फळ्यासमोर बराच वेळ उभे राहिले. "बाई, ही कोण?"

"माही पोरगी आहे, साहेब. शिकली आहे," आई म्हणाली. जणू तेच कारण होतं.

स्वतःच्या मुलीचंही नाव लावणारी समिती साहेबांनी कधी पाहिली नव्हती. प्रमाणपत्र जागीच मिळालं. आईचा फोटो पेपरात आला. तिच्या खांद्यामागे फळा होता आणि छपाई दुर्दैवाने उत्तम होती. चंचलचा मेसेज आला, "समुद्राले साडीच नेसू आपन."

तेवढ्यावर थांबलं असतं तरी मी सहन केलं असतं. पण जूनमध्ये समितीची पुन्हा झडती झाली आणि लटारूभाऊंच्या घरामागे, तणसात, एक सोडून तीन मडकी निघाली. प्रत्येकावर व्यवस्थित चिठ्ठी. नमुना क्रमांक एक, दोन, तीन.

आईचा आवाज चढला. "हे काय आहे, लटारूभाऊ?"

"प्यायचं नाई, बाई. लावायचं आहे," लटारूभाऊ अतिशय नम्रपणे म्हणाले. "मांडीले."

"तीन मडके?"

"घरात आमी तिघं, बाई. सहा मांड्या होतात."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. हिशेबात मला चूक सापडेना. फक्त एवढंच म्हणता आलं, की त्यांनी तुलनेसाठी एकही मांडी राखून ठेवली नव्हती.