सुवर्ण नाल आणि कलम अकरा

संगीताला सीमा नसतात असं जो म्हणतो, त्याने आयुष्यात कधी परीक्षक मंडळात काम केलेलं नाही, हे खुशाल समजावं. सीमा नसत्या तर बक्षीस कुणाला द्यायचं, आणि त्याहून महत्त्वाचं, कुणाला द्यायचं नाही, हे ठरलं असतं कसं? गाणं काय, कोणीही गातं. ते कुठल्या खणात ठेवायचं हे कळायला मात्र शिक्षण लागतं.

हे शिक्षण हरीशकडे भरपूर होतं. तो जर्मनीत, स्टुटगार्टजवळच्या गेर्लिंगेनमधल्या एका बड्या कंपनीच्या मुख्यालयात टॉलरन्सचं काम बघायचा, म्हणजे एखादा सुटा भाग मापात किती चुकला तरी चालेल, हे ठरवायचा. (उत्तर बहुतेक वेळा 'चालणार नाही' असं असे.) पुण्याहून येऊन अकरा वर्षं झाली होती. या अकरा वर्षांत त्याने घर घेतलं, कचऱ्याचे पाच डबे न चुकता वेगळे ठेवले आणि झिंडेलफिंगेनजवळच्या एका गावातल्या 'हुफआयझेन कंट्री फेराइन'चं सभासदत्व मिळवलं. हुफआयझेन म्हणजे घोड्याची नाल, फेराइन म्हणजे मंडळ. जर्मनीत तीन माणसं जमली की फेराइन निघतो आणि सातवा माणूस आला की त्यात फूट पडते. आपल्याकडे ती दुसऱ्या माणसालाच पडते, एवढाच काय तो फरक.

या फेराइनचे एकशे बारा सभासद. बहुतेक सगळे मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. दर शनिवारी ते रुंद काठाच्या टोप्या आणि टाचांचे बूट घालून अमेरिकेतल्या कुरणांची गाणी म्हणत. एकशे बारांपैकी घोड्यावर बसलेले चार, त्यातले दोन जत्रेतल्या पाळण्याच्या. अध्यक्ष ग्युंटर यांना तर घोड्याच्या केसांची ॲलर्जी होती. पण शुद्धतेच्या बाबतीत मंडळी कुणाच्या बापाला ऐकत नसत. दरवर्षी ते सर्वांत शुद्ध कंट्री गाण्याला 'सुवर्ण नाल' (पितळेची) देत आणि दरवर्षी भांडत. २०१२ साली विजेत्याच्या पथकात एक कीबोर्ड सापडला. २०१४ साली एका ध्रुवपदात आल्प्सच्या डोंगरी हाळीचा अंश आढळला. ते प्रकरण अजून अपिलात आहे. २०१५ साली दोन उपाध्यक्षांनी एकमेकांच्या टोप्या उडवल्या आणि दोघांनीही राजीनामे दिले.

तेव्हा ग्युंटरना हरीशची आठवण झाली. ते म्हणाले, "आल्झो, म्हणजे असं बघ, तू नियम करणारा माणूस. आम्हाला नियम करून दे. यंदा भांडण झालं नाही, तर उपाध्यक्ष तू."

हरीशला त्या दिवशी जेवण गेलं नाही. एका जर्मन फेराइनचा उपाध्यक्ष, तोही आपल्यातला! पुण्याला फोन झाले. बायको कौमुदीने तर पार्टीला कोण कोण बोलवायचं तेही ठरवून टाकलं.

त्याने एकेचाळीस कलमांची नियमावली केली, आणि ती खरोखर वाचण्यासारखी आहे. कलम चारप्रमाणे गाण्यात एक वाहन हवं: रेल्वे, ट्रक किंवा घोडा (सायकल बाद). कलम सातप्रमाणे आई हवी, पण दोनदाच. तिसऱ्यांदा आली तर गाणं भावगीत समजण्यात येईल. दुःख किमान चाळीस टक्के. दारूचा उल्लेख ऐच्छिक. कलम अकरा सर्वांत लाडकं: गायकाला गाव सोडावं लागलेलं असावं आणि त्याला गावाची ओढ असावी. ज्याला गाव नाही त्याने ते असल्यासारखं गावं. (हरीश कोथरूडमध्ये तिसऱ्या मजल्यावर वाढला होता. त्याची गावाची ओढ शंभर टक्के होती.) कलम नऊप्रमाणे गाणं कुठल्याही भाषेत चालेल, सोबत जर्मन भाषांतर जोडावं, आणि गायकाला नुसतं मंचावरचं नाव लावायची मुभा. हे कलम उदारमतवादी दिसावं म्हणून घातलं होतं. ते कोणी मनावर घेईल असं त्याला वाटलं नव्हतं.

२०१६ च्या स्पर्धेत सतरावी प्रवेशिका आली ती न्युरेम्बर्गहून. नाव, धम्मदीपा. तिथल्या एका संस्थेत संशोधन करणारी मुलगी. गिटार तिचीच, गाणं तिच्या आजोबांनी रचलेलं. आजोबा दादाराव मनमाडला रेल्वेत गँगमन होते आणि रात्ररात्र गाणी म्हणत हिंडायचे. आता वय एक्क्याऐंशी. ते पहिल्यांदाच नातीकडे येणार होते, आणि आपलं गाणं परदेशात, मंचावर, माइकवर वाजलेलं त्यांनी एकदा बघावं, एवढ्यासाठी तिने अर्ज भरला होता. तसं तिने अर्जात लिहिलंही होतं.

परीक्षक मंडळाने ध्वनिमुद्रण लावलं.

गाव ऱ्हायलं मागं, हीर मागं ऱ्हायली,
ठेसनाच्या नळानं माझी जात नाही पाह्यली.

ग्युंटर भाषांतर वाचता वाचता रडू लागले. रेल्वे होती. आई होती, बरोबर दोनदा. गाव सुटलेलं होतं. शंभरपैकी चौऱ्याण्णव गुण! फेराइनच्या इतिहासात एवढे गुण कुणाला पडले नव्हते, आणि मुख्य म्हणजे कोणीही कुणाची टोपी उडवली नव्हती. हरीशचं उपाध्यक्षपद आता हाकेच्या अंतरावर होतं.

पण ग्युंटरनी डोळे पुसले आणि विचारलं, "हरीश, हे जात म्हणजे? तू तर म्हणाला होतास, ते सगळं जुनं झालं."

म्हणाला होता खरा. गेली अकरा वर्षं, प्रत्येक बार्बेक्यूला. आमच्याकडे आता असलं काही कोणी विचारत नाही, असं तो इतक्या ठसक्यात सांगायचा, की जर्मन लोकांनी विचारायचंच सोडून दिलं होतं. आता ऐन बक्षीससमारंभात, स्टुटगार्टची सगळी मराठी मंडळी समोर बसलेली असताना, हे गाणं पहिलं येणार आणि जर्मनांचा गैरसमज होणार, की भारताचं संगीत म्हणजे हे! हरीशच्या अंगावर काटा आला.

त्याने शहानिशा करायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने धम्मदीपाला फोन लावला.

"फार छान गाणं हं. सहज विचारतो, तुमचं मूळ गाव कुठलं?"

"मनमाड. अर्जात लिहिलंय."

"गेनाऊ, गेनाऊ, बरोबर. आणि आडनाव?"

"अर्जात आडनावाचा रकानाच नाहीये. अर्ज तुम्हीच केलाय ना?"

"हो हो, मीच. आपलं उगीच, रेकॉर्डसाठी."

तिने सांगितलं. हरीश म्हणाला, "अच्छा, अच्छा." मराठी माणूस आडनाव ऐकल्यावर 'अच्छा' दोनदा म्हणतो: पहिल्यांदा ऐकलं म्हणून, दुसऱ्यांदा खणात ठेवलं म्हणून. धम्मदीपाने आयुष्यभर हे दुसरं 'अच्छा' ऐकलेलं होतं. तिने फोन ठेवून दिला.

संध्याकाळी मंडळापुढे हरीशचं दोन पानी टिपण आलं. त्यात त्या गाण्याची इतकी स्तुती होती, की वाचणाऱ्याला लाज वाटावी. असं गाणं कंट्रीच्या मापाने तोलणं हा त्या गाण्यावर अन्याय आहे, असं त्यात म्हटलं होतं. भारतात या प्रकाराला स्वतःची वेगळी, फार समृद्ध परंपरा आहे. तेव्हा त्याला वेगळा सन्मान द्यावा, वेगळ्या जागी.

ग्युंटर गोंधळले. "पण यात रेल्वे आहे ना?"

"रेल्वे आहे. पण कलम अकरा बघा. गाव सुटलंय, पण ओढ कुठंय? या माणसाला गाव सुटल्याचा आनंद झालाय."

"का बरं? परत का जावंसं वाटत नाही त्याला?"

"ती तिकडची स्थानिक बाब आहे," हरीश म्हणाला. "लांबलचक आहे. मी सांगेन कधीतरी."

जर्मन माणूस तज्ज्ञापुढे वाद घालत नाही. गुण कमी झाले. 'सुवर्ण नाल' गावातल्या दातांच्या डॉक्टरांना गेली. मोंटानामधल्या ज्या खेड्यासाठी ते व्याकूळ झाले होते, ते त्यांनी प्रवास कंपनीच्या माहितीपत्रकात पाहिलं होतं. ओढ पूर्ण, गुण एक्क्याऐंशी.

समारंभ शनिवारी दुपारी होता. दादाराव कोट आणि माकडटोपी घालून पहिल्या रांगेत बसले होते. हरीश शिष्टाचार म्हणून पुढे गेला. म्हातारबुवा उठून उभे राहिले, हात जोडून म्हणाले, "जय भीम, साहेब."

"हो हो, नमस्कार, नमस्कार," हरीश म्हणाला. मग त्याने धम्मदीपाला बाजूला घेऊन समजावलं, की विशेष सन्मानाचं गाणं बाहेर व्हरांड्यात आहे, कोट अडकवायच्या खुंट्यांपाशी. मंच कलम दोनप्रमाणे शुद्ध कंट्रीसाठी राखीव. नियम म्हणजे नियम, वैयक्तिक काही नाही. शिवाय बाहेर बटाट्याच्या सॅलडचा काउंटर आहे, श्रोते भरपूर मिळतील.

"मी तुमच्याही आधी इथे आले असते ना," धम्मदीपा म्हणाली, "तरी तुम्ही दारात असताच." आणि गिटार पेटीत घालू लागली.

दादारावांनी विचारलं, "काय म्हनत्यात गं?"

"गाणं बाहेर आहे म्हणतात, आजोबा. आपण जाऊ घरी."

म्हातारबुवा मंचाकडे बघत म्हणाले, "आपलं गानं कायम भाईरच व्हायचं. त्येचं काय न्हाई. पन नऊ तास इमानात बसलो तवा वाटलं, एवढ्या लांब आलोय तर आत आसंल."

त्यांनी टोपी सारखी केली आणि नातीचा हात धरून बाहेर पडले. ग्युंटर त्यांच्यामागे दारापर्यंत धावले.

समारंभ मात्र दृष्ट लागण्यासारखा झाला. भांडण शून्य. हरीशची उपाध्यक्षपदी एकमताने निवड झाली (ग्युंटर तटस्थ राहिले; नियमावलीप्रमाणे ते एकमतात धरतात). मराठी मंडळींनी फोटो काढले. परतताना गाडीत कौमुदीने हळूच विचारलं, "अरे, ती मुलगी उठून गेली ती कोण? आडनाव काय तिचं?" हरीशने सांगितलं. कौमुदी म्हणाली, "अच्छा, अच्छा. मला वाटलंच होतं."

वाचकहो, या गोष्टीत कुणाचंही आडनाव छापलेलं नाही. परत चाळून बघा हवं तर. तरीही हरीशचं तुम्ही पहिल्या पानावरच ओळखलंत, आणि धम्मदीपाचं तर त्याहून लवकर. अंदाज चुकलेला नाही, एवढी हमी देतो. परीक्षक मंडळात यंदा एक जागा रिकामी आहे. तुम्हाला अर्ज करावा लागणार नाही, निवड झालेली आहे.